नऊ नंबर मावशीचं हिरवं बटण

माझ्या मावशीला घरात सगळे ‘नऊ नंबर’ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिने एकतीस वर्षं काढली. हॉस्पिटलातल्या कुठल्याही फोनवरून नऊ फिरवला की ती लागायची. बाळंतिणीच्या भांबावलेल्या नवऱ्यापासून ते बड्या सर्जनपर्यंत सगळ्यांचं घोडं कुठे ना कुठे अडलेलं असायचं आणि ते मावशीपाशी येऊन सुटायचं. तिने लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायची, “लाइन एंगेज होती.”

बोर्डावर सहा जणी होत्या. बाकीच्या पाच जणी फोन जोडून मोकळ्या व्हायच्या. मावशी नाही. पलीकडे कुणीतरी उचलेपर्यंत ती लाइनवर थांबायची. माणसाचा आवाज आला की “जोडलंय, बोला” म्हणायची आणि मगच बाजूला व्हायची. पलीकडे कुणी नसेल तर, “साहेब राउंडला गेलेत, वीस मिनिटांनी करा,” असं सांगायची, आणि तो माणूस वीस मिनिटांनी विसरला तर ही स्वतः त्याला आठवण करायची. तासाला किती फोन जोडले याचा तक्ता भिंतीवर लागायचा, त्यात मावशीचा नंबर कायम शेवटचा. पण तिने जोडून दिलेल्या माणसाला परत नऊ फिरवावा लागत नसे, आणि त्याचा तक्ता कुणी लावत नसे.

मग हॉस्पिटलात मशीन आलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. पाच जणी इकडेतिकडे गेल्या, कुणी घरी बसली. मावशीच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. तिला रेकॉर्ड रूमच्या बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला एक टेबल दिलं आणि टेबलावर एक फोन ठेवला. “महत्त्वाचे फोन तुमच्याकडे वळवू, ताई,” असं सांगितलं. मावशी रोज सकाळी तो फोन पुसायची आणि वाट बघायची. उचलून बघायची मात्र नाही, कारण ऑपरेटर बाई वाजल्याशिवाय फोन उचलत नाही, उगाच लाइन अडते. दोन वर्षं तो वाजला नाही. शेवटच्या दिवशी टेबल आवरताना तिने फोन बाजूला ओढला, तर मागची वायर सगळीच्या सगळी हातात आली. ती कुठे लावलेलीच नव्हती.

ही गोष्ट मावशी फार रंगवून सांगते. “दोन वर्षं मी लाइन अडू नये म्हणून जपले, आणि लाइन कुठाय? टेबलामागे लोळतेय!” सगळे पोट धरून हसतात. मीही हसायचे. सांगून झालं की ती दर वेळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझ्या पुष्कळ गोष्टी उशिरा लक्षात येतात.

माझा धंदा वेबसाइट बनवण्याचा. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, एक खिडकी, दोन टेबलं आणि एक भागीदार. भागीदाराला मी शंकासुर म्हणते. माणूस गुणी आहे, पण लिफ्टमध्ये शिरण्याआधी ती वर जाते का खाली हे तीन वेळा विचारतो. आम्ही इतकी वर्षं लोकांच्या साइट बनवल्या, एक आपलीही बनवावी असं मनात आलं. कल्पना साधी होती. सगळ्यांच्याच घरच्या ग्रुपवर सकाळपासून लिंकांचा मारा चालू असतो. पाठवणाऱ्याने वाचलेलं नसतं, घेणारा उघडत नाही. त्याऐवजी एक अशी जागा करावी, जिथे साध्या माणसांनी स्वतः वाचलेली, उपयोगी पडलेली पानं आणून ठेवावीत, विषयवार लावावीत, आणि प्रत्येकाखाली एका वाक्यात लिहावं की हे दुसऱ्याने का वाचावं. नाव ठेवलं ‘हे बघा’.

“आणि लोकांनी कचरा आणून टाकला तर?” शंकासुर म्हणाला.

शंका रास्त होती. आलेलं प्रत्येक पान कुणीतरी तपासायला हवं होतं, आणि त्या कामाला माझ्या डोळ्यांसमोर एकच बाई आली. खरं सांगायचं तर निम्मी गरज होती, आणि निम्मा विचार असा की तेवढाच तिचा वेळ जाईल. मावशीला हा निम्मा विचार मी न सांगताच कळला असावा.

“काम असेल तर बोलव,” ती म्हणाली. “नुसतं बसवू नकोस. मागच्या वेळी मला बसवून ठेवलंय हे कळायला दोन वर्षं लागली. आता एवढा वेळ नाही माझ्याकडे.”

“मावशी, शप्पथ,” मी म्हणाले. “तू बटण दाबल्याशिवाय एकही लिंक साइटवर जाणार नाही.”

सोमवारी सकाळी ती घरून खुर्चीवर टाकायची उशी घेऊन आली. लाल कापडाची, मधे दबलेली, बोर्डावरच्या खुर्चीतली. शिवाय एक जाड वही, दोन पेनं आणि टेबलावर चिकटवायला स्वतः लिहिलेली पाटी: ‘ऑपरेटर’. मी तिच्या स्क्रीनवर दोन बटणं करून दिली. हिरवं म्हणजे ‘जाऊ दे’, लाल म्हणजे ‘नको’.

उद्घाटनाआधीचा आठवडा चाचणीचा होता. ओळखीची तीस माणसं लिंका पाठवत होती आणि मावशी तपासत होती. तपासत होती म्हणजे काय, तर पान उघडायचं, चष्मा पुसायचा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. खाली फोन नंबर असला की फिरवायचा. एका घड्याळजींनी जुनी घड्याळं घरी कशी साफ करावीत यावर सुंदर पान लिहिलं होतं, पण शेवटचा मजकूर सहा वर्षांपूर्वीचा. मावशीने नंबर शोधून फोन लावला.

“पान आहे हो तुमचं,” ती म्हणाली, “माणूस आहे का ते बघतेय.”

माणूस होता. चाळीस मिनिटं बोलला. आपलं पान कुणी वाचतं हेच त्या आजोबांना माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तेही ‘हे बघा’वर लिंका पाठवू लागले.

‘अप्रतिम! नक्की वाचा!’ असं लिहून आलेल्या लिंका मावशी परत पाठवायची. “हे कारण नाही झालं. तुमचं काय अडलं होतं आणि यातून काय सुटलं ते लिहा.” माझ्या एका मैत्रिणीची लिंक तिने तीनदा परत केली. मैत्रीण माझ्यावर रुसली. मी मनातून खूश होते, कारण साइट खरंच वाचण्यासारखी होत होती. फक्त दिवसाला चौदा लिंकांच्या वर गाडी जाईना.

शुक्रवारी शंकासुराने मला जिन्यात गाठलं. “रविवारी उद्घाटन. समज, तीनशे लिंका आल्या. मावशी चौदा करणार. उरलेल्या दोनशे शहाऐंशी लोकांना आपली लिंक दिसणारच नाही. ते म्हणतील साइट बंद पडलीय, आणि परत फिरकणार नाहीत.”

त्याचा हिशोब बिनचूक होता, म्हणून मला जास्त राग आला. शनिवारी दुपारपर्यंत मी धुसफुसत राहिले. मावशीला सांगावं तर ती दुखावणार. न सांगावं तर साइट बुडणार. आणि मी जी वाट निवडली ती माझ्यासारख्या हुशार माणसांनाच सुचते. मी प्रोग्राममधल्या दोन ओळी बदलल्या. लिंक आली की थेट साइटवर जाणार. मावशीची बटणं तशीच राहणार, दाबली की हिरवी होणार, लाल होणार आणि बाकी काहीही करणार नाहीत. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, गर्दी ओसरली की परत जोडू, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मावशी तेव्हा चार फुटांवर बसून वहीत रेघा मारत होती. “काय करतेयस गं एवढं?”

“स्पीड वाढवतेय,” मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं. असं अर्धं खरं बोलायला जीभ किती पटकन वळते!

रविवारी सकाळी दहाला साइट सुरू झाली. पहिल्या तासात अकरा माणसं आली, त्यातली नऊ नात्यातली. शंकासुराने हातपाय गाळले. दुपारी एका शाळेतल्या बाईंनी मुलांना आकडेमोड शिकवण्याच्या खेळांची अशी काही मालिका लावली की त्यांच्या ओळखीच्या सगळ्या शाळा धावून आल्या. मागोमाग कबुतरं पाळणारे आले, घरच्या घरी नळ दुरुस्त करणारे आले, आजारी माणसाची घरी काळजी घेणारे आले. संध्याकाळी पाचला आकडा होता दोनशे साठ.

“सगळ्या लाइनींचे दिवे लागलेत, बोर्ड पेटलाय आज!” मावशी म्हणाली. असा तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ती जेवायला उठली नाही. मी ब्रेड आणि अंडं तिच्या टेबलावर आणून दिलं, ते तिने एका हाताने खाल्लं, कारण दुसरा हात माउसवर होता. वाचत होती, फोन फिरवत होती, वहीत टिपत होती, हिरवं दाबत होती, लाल दाबत होती. बटण दर वेळी उजळत होतं. दोनदा उठून सांगणार होते. दोन्ही वेळा कुणाचा तरी फोन आला आणि मला ते बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी ऑफिसच्या फोनवर माझ्या आईचा फोन आला. आई मावशीची धाकटी बहीण. मावशीने सवयीने दुसऱ्या घंटीच्या आत उचलला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला.

“ताई, तुमच्या साइटवर घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सबायांची यादी आहे ना, ती फार छान आहे. शेजारच्या आजींसाठी सकाळपासून फोन लावतेय. पण एकीकडेही कुणी उचलत नाही गं.”

मावशीचा हात माउसवर थांबला. “ती यादी? ती मी नको म्हटली होती. नऊ नंबर आहेत, मी नऊच्या नऊ फिरवले, सात बंद आहेत, दोन नुसतेच वाजतात. तुला कुठे दिसली?”

“तुमच्याच साइटवर. आत्ता समोर आहे माझ्या.”

मावशीने फोन ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. तिने स्वतःचा मोबाइल काढला आणि त्यावरून हॉस्पिटलच्या साइटची लिंक ‘हे बघा’ला पाठवली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘चाचणी’. मग आपल्या स्क्रीनवर तीच लिंक उघडली आणि लाल बटण दाबलं. बटण छान लाल झालं. तिने मोबाइलवर साइट उघडली. तिची लिंक सगळ्यात वर होती.

“हाही मेलेलाच फोन ना?” ती म्हणाली.

मावशीने पेनं पर्समध्ये टाकली, वही घेतली, खुर्चीवरची उशी काखेत मारली आणि जिना उतरून गेली. पाटी तेवढी टेबलावर राहिली. लाजेने माझे कान तापले होते. सगळं ठाऊक असून मी तेच केलं होतं. त्या हॉस्पिटलवाल्यांना तरी वायरची गोष्ट कुणी आधी सांगितलेली नव्हती.

सवयीप्रमाणे मी आधी शंकासुरावर तोंडसुख घेतलं. तो शांतपणे म्हणाला, “मी फक्त आकडा सांगितला होता. ओळी तू बदलल्यास.” शंकासुराला एकदाच कशाबद्दल तरी खात्री होती, आणि ती नेमकी तेव्हा.

त्याच दुपारी मी त्या दोन ओळी होत्या तशा केल्या, नर्सबायांची यादी काढून टाकली, आणि साइटच्या माथ्यावर लिहिलं, ‘ऑपरेटर जागेवर नाही. आलेल्या लिंका थांबवून ठेवल्या आहेत.’ नवीन काही दिसेना झालं. लोकांनी विचारून विचारून भंडावून सोडलं. शंकासुर म्हणाला, “दोन माणसं घेऊ का तपासायला?” मी नको म्हटलं. मी मावशीला दिवसातून दहा दहा फोन करत होते. ती उचलत नव्हती. जिने आयुष्यात फोनला तिसरी घंटी वाजू दिली नाही, ती बाई तो पूर्ण वाजू देत होती.

शुक्रवारी सकाळी मी आईला सोबत घेतलं, लॅपटॉप काखोटीला मारला आणि मावशीच्या घरी गेले. मावशीने दार उघडलं, आईला आत घेतलं आणि माझ्यासाठी दार तसंच उघडं ठेवलं. तेवढं पुरे होतं. उशी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर होती.

“मावशी, चुकलं माझं. मला कळत होतं तरी मी केलं,” मी म्हणाले.

“ते झालंच,” ती म्हणाली. “पण मला एक सांग. तुझ्या त्या शंकासुराचं बरोबर होतं. तीनशे लिंका एकटीला झेपणार नाहीत, हे मला कळत नव्हतं? मग मलाच का नाही विचारलंस? बोर्डावर आम्ही सहा जणी होतो. फोन वाढले की खुर्ची वाढवायची. तू वायर काढलीस.”

तिने वही माझ्यापुढे सरकवली. तीन दिवस त्या खोट्या बटणापाशी बसून ती खरं काम करत होती. पानोपानी माणसं होती. कोण पूर्ण वाचून पाठवतं, कोण नुसतं ढकलतं, कुणाचं एक वाक्य नेमकं असतं. शेवटच्या पानावर पाच जणांखाली रेघ मारलेली होती. घड्याळवाले आजोबा, शाळेतल्या बाई, नळवाला, एक कबुतरवाला, आणि जिची लिंक तीनदा परत केली होती ती माझी मैत्रीण.

“ती सुधारलीय,” मावशी म्हणाली. “या पाच जणांना विचारणार होते मी मंगळवारी, खुर्चीवर बसता का म्हणून. घरून बसतील बापडे. तपासायची रीत मी फोनवर शिकवीन.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दुर्लक्ष केलं आणि चष्मा लावला. “आधी वायर दाखव.”

मी लॅपटॉप उघडून त्या दोन ओळी दाखवल्या. बटण इथे दाबलं जातं, ते इथे कळतं, मग लिंक इथून पुढे जाते. तिने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचून घेतलं आणि मान हलवली. तिला काही पटलेलं नव्हतं.

“हिरवं तर ते आधीही व्हायचं,” ती म्हणाली, आणि बहिणीकडे वळली. “तू मोबाइल घे आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहा. मी विचारीन तेव्हाच सांगायचं.”

आई गॅलरीत गेली. रांगेत एकशे नव्वद लिंका होत्या. सगळ्यात पुढे घड्याळवाल्या आजोबांनी पाठवलेली, भिंतीवरचं घड्याळ मागे का पडतं यावरची. मावशीने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आम्ही थांबलो. मग बटणाला हात न लावता तिने हाक मारली, “आली का?”

“नाही.”

ती पुन्हा थांबली. “आता?”

“नाही गं! किती वेळा विचारशील?”

“दोन वर्षं विचारलं नव्हतं,” मावशी म्हणाली, आणि तिने बटण दाबलं. ते हिरवं झालं. गॅलरीतून काही आवाज येईना. मोबाइल लोड होत असणार हे मला माहीत होतं, तरी माझा जीव टांगणीला लागला. मावशीची नजर स्क्रीनवर नव्हतीच. ती गॅलरीच्या दाराकडे बघत होती.

“आली!” आई ओरडली. “घड्याळाचं काहीतरी आहे.”

“उघड. पान उघडतंय का?”

“उघडलं.”

“नीट वाचता येतंय?”

“हो, येतंय की.”

तेव्हा कुठे मावशीने माउसवरचा हात काढला. “जोडलंय,” ती हळूच म्हणाली. मग ताडकन उठली आणि खुंटीवरची पर्स घेतली. “उशी घे माझी. एकशे एकोणनव्वद माणसं लाइनवर आहेत.”

मी उशी घेतली.